राल्फ टीटर

राल्फ रो टीटर (१७ ऑगस्ट, इ.स. १८९० : हेगर्सटाउन, इंडियाना, अमेरिका - १५ फेब्रुवारी, इ.स. १९८२) हे अमेरिकन यंत्र अभियंता, उद्योजक आणि संशोधक होते. मोटारीचा वेग स्थिर राखणाऱ्या 'क्रूझ कंट्रोल' या यंत्रणेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. वयाच्या पाचव्या वर्षी झालेल्या अपघातानंतर त्यांची दृष्टी कायमची गेली. तरीही त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याचे नेतृत्व केले आणि अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. ज्या यंत्रणेमुळे त्यांचे नाव राहिले, ती आज जगभरच्या लाखो वाहनांत आहे. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतून जाणाऱ्या महामार्गांवरील अनेक मोटारींच्या स्टिअरिंगवरही तिचे बटण दिसते.

बालपण

टीटर यांचा जन्म इंडियाना राज्याच्या पूर्व भागातील हेगर्सटाउन या लहानशा गावी झाला. जॉन आणि केट हे त्यांचे आईवडील. टीटर घराण्यात यंत्रकामाची परंपरा होती. राल्फ यांचे काका चार्ल्स टीटर यांनी रेल्वेच्या रुळांवरून पायाने चालवता येईल असे चारचाकी वाहन तयार केले होते. रुळांची तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ते होते. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी रुळांवरून ढकलत नेली जाणारी तपासणीची ट्रॉली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या वाहनाचा उपयोग सहज ध्यानात येईल. या वाहनाच्या निर्मितीसाठी इ.स. १८९५ मध्ये हेगर्सटाउन येथे कारखाना सुरू झाला. घरातील पुरुषमंडळी त्यात कामाला लागली आणि लेथ, भाता, हातोडा यांच्या आवाजात राल्फ यांचे बालपण गेले.

पाच वर्षांचे असताना हातातील चाकू निसटून त्यांच्या एका डोळ्याला जबर इजा झाली. अशा जखमेनंतर काही वेळा शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या, निरोगी डोळ्यावरच उलटते. राल्फ यांच्या बाबतीत तसेच घडले आणि वर्षभरातच त्यांचा दुसरा डोळाही निकामी झाला. त्या काळी या विकारावर गुणकारी औषध नव्हते.

आईवडिलांनी मात्र मुलाला निराळे वागवले नाही. त्याला गावातील नेहमीच्या शाळेत घातले, इतर मुलांत खेळू दिले आणि कारखान्यात वावरू दिले. धारदार हत्याराने ज्याची दृष्टी नेली त्या मुलाला पुन्हा हत्यारे हाताळू देणे, हा निर्णय सोपा नव्हता. त्या निर्णयामुळेच राल्फ यांच्या बोटांना यंत्राची ओळख झाली. कोणता भाग कोठे बसतो, दाते कसे जुळतात, धुरा कोठे डगमगतो हे ते स्पर्शाने आणि आवाजाने ओळखू लागले. सुमारे बारा वर्षांचे असताना त्यांनी आपल्या चुलत भावाच्या साथीने एक मोटार जुळवली. मोटार हीच तेव्हा नवलाईची वस्तू होती.

शिक्षण

शालेय शिक्षण संपल्यावर राल्फ यांनी अभियंता होण्याचे ठरवले. अंध विद्यार्थ्याला अभियांत्रिकीला प्रवेश देण्यास अनेक विद्यापीठे तयार नव्हती. रेखाचित्रे, मोजमापे आणि प्रयोगशाळा यांवर उभ्या असलेल्या या विद्याशाखेत डोळ्यांवाचून निभाव लागणार नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. त्यांची एक नातलग नेव्हा डिअरडॉर्फ ही फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत होती. तिच्या प्रयत्नांनी त्यांना तेथे प्रवेश मिळाला. पाठ्यपुस्तके दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, आकृती मनात उभी करायची आणि गणित डोक्यात सोडवायचे, अशा रीतीने अभ्यास करून ते इ.स. १९१२ मध्ये यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पुढे त्याच विद्यापीठाची पदव्युत्तर पदवीही त्यांनी मिळवली.

टर्बाइनचे संतुलन

पहिल्या महायुद्धाच्या काळात टीटर यांनी न्यू जर्सी राज्यातील कॅमडेन येथील जहाजबांधणी कारखान्यात काम केले. तेथे अमेरिकी नौदलाच्या विनाशिका बांधल्या जात होत्या. या नौका वाफेच्या टर्बाइनवर चालत. टर्बाइनचा फिरणारा भाग अतिशय वेगाने फिरतो. त्याचे वजन सर्व बाजूंनी अगदी सारखे नसेल, तर तो थरथरू लागतो आणि आधाराचे बेअरिंग खराब होतात. पाणी उपसणाऱ्या विजेच्या मोटारीचा धुरा वाकला की ती जशी खडखडते, तसाच हा प्रकार असतो. फक्त त्याचे प्रमाण फार मोठे असते.

स्थिर ठेवलेला धुरा समतोल दिसला, तरी तो फिरू लागल्यावर समतोल राहीलच असे नाही. त्यामुळे दोष नेमका कोठे आहे हे डोळ्यांनी कळत नाही. टीटर यांनी हे संतुलन साधण्याची पद्धत विकसित केली. यंत्राची थरथर बोटांनी वाचण्याची लहानपणापासूनची सवय येथे त्यांच्या कामी आली.

पर्फेक्ट सर्कल

युद्धानंतर टीटर हेगर्सटाउनला परतले आणि घरच्या उद्योगात रुजू झाले. रेल्वेच्या तपासणी वाहनांपासून सुरू झालेला हा उद्योग आधी मोटारींच्या इंजिनांकडे आणि नंतर पिस्टन रिंगांकडे वळला होता. पुढे त्याचे नाव 'पर्फेक्ट सर्कल', म्हणजे परिपूर्ण वर्तुळ, असे झाले.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. पिस्टनच्या खाचेत बसवलेली धातूची कडी म्हणजे पिस्टन रिंग. जळलेल्या इंधनाचा दाब खाली निसटू न देणे आणि सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा योग्य तेवढाच थर राहू देणे, ही तिची मुख्य कामे होत. रिंग झिजली की गाडी तेल पिऊ लागते, निळसर धूर सोडते आणि तिची ओढ कमी होते. त्यामुळे दिसायला क्षुल्लक असलेल्या या कडीला मोटार उद्योगात मोठे महत्त्व होते. टीटर यांच्या कंपनीच्या रिंगा अमेरिकेत नावाजल्या गेल्या. टीटर प्रथम तेथे अभियंता होते. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले. इ.स. १९६३ मध्ये ही कंपनी डेना कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली.

इ.स. १९३६ मध्ये टीटर यांची 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स' या संघटनेच्या अध्यक्षपदी निवड झाली. अंधत्वामुळे विद्यापीठांनी ज्यांना प्रवेश नाकारला होता, त्यांच्याकडे सुमारे तीन दशकांनंतर देशातील मोटार अभियंत्यांचे नेतृत्व आले.

कल्पनेचा उगम

मोठेपणी टीटर दुसऱ्याने चालवलेल्या मोटारीतून प्रवास करत. त्यांचे एक वकील स्नेही त्यांना अनेकदा आपल्या गाडीतून नेत. या गृहस्थांना एक खोड होती. बोलू लागले की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून नकळत सैल होई आणि गाडी मंदावे; ऐकू लागले की पाय पुन्हा दाबला जाई आणि गाडी पुढे उसळी घेई. संभाषण चालू असेपर्यंत हे हेलकावे चालत. ते चालकाच्या लक्षातही येत नसत. टीटर यांना मात्र रस्ता दिसत नसल्यामुळे गाडीचा प्रत्येक झटका शरीराला स्पष्ट जाणवे. वेग चालकाच्या मनःस्थितीवर अवलंबून न राहता ठरावीक राहावा, असे काही साधन करता येईल का, हा विचार त्यातून त्यांच्या मनात आला.

दुसरे कारण युद्धकालीन होते. दुसऱ्या महायुद्धात रबर आणि इंधन वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, अशी वेगमर्यादा घालण्यात आली होती. रिकाम्या, सरळ रस्त्यावर इतका कमी वेग सतत राखणे चालकांना जड जाई. सगळ्यांचा वेग सारखा राहिला तर प्रवास अधिक सुरक्षित होईल, असे टीटर यांचे मत होते.

यंत्राची रचना

यंत्राचा वेग आपोआप सारखा राखण्याची कल्पना टीटर यांच्या आधीची आहे. जेम्स वॉट यांनी इ.स. १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर बसवला होता. त्यात फिरणाऱ्या दांड्याला दोन धातूचे गोळे जोडलेले असतात. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची झडप मिटत नेतात. वेग घटला की ते आत येतात आणि झडप उघडते. खानदेशातील विहिरींवर एके काळी धडधडणाऱ्या ऑइल इंजिनांतही गव्हर्नर असे. पंपावरचा भार कमीजास्त झाला तरी इंजिनाचे फेरे सारखे राहत, ते त्याच्यामुळेच. विसाव्या शतकाच्या आरंभी काही मोटारींतही असे गव्हर्नर बसवले गेले होते.

टीटर यांनी या जुन्या तत्त्वाला चालकाच्या पायाशी जोडले. त्यांच्या यंत्रणेत चालक समोरच्या फळीवरील तबकडी फिरवून हवा तो वेग निवडत असे. त्यानुसार एका स्प्रिंगचा ताण ठरे. गाडीच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर फिरणारा गव्हर्नर त्या ताणाशी झुंजत असे. गाडीने निवडलेला वेग गाठला की गव्हर्नर स्प्रिंगवर मात करी आणि निर्वात दाबावर चालणारा दट्ट्या ॲक्सिलरेटरला खालून उलट रेटा देई. चालकाच्या तळपायाला पेडल एकाएकी कठीण लागे. आपण ठरवलेला वेग आला आहे, हे त्याला वेगमापकाकडे न पाहता समजे. पुढच्या वाहनाला ओलांडण्यासाठी अधिक वेग हवा असेल, तर पेडल जोराने दाबण्याची मुभा त्याला होतीच.

या मूळ रचनेत वेग धरून ठेवण्याचे काम यंत्र करत नव्हते. ते पायाला फक्त सूचना देत असे. डोळ्यांनी वाचावयाची गोष्ट स्पर्शाने कळवणारे हे साधन होते आणि त्यात टीटर यांच्या स्वतःच्या जगण्याची रीत उतरली होती. पुढे त्यांनी त्यात विद्युतचुंबकीय पकड जोडली. त्यामुळे पाय उचलला तरी वेग कायम राहू लागला आणि ब्रेकला स्पर्श होताच पकड सुटू लागली. आजच्या क्रूझ कंट्रोलचे रूप या सुधारणेतून आले.

पेटंट आणि बाजारपेठ

कित्येक वर्षांच्या प्रयोगांनंतर २२ ऑगस्ट, इ.स. १९५० रोजी टीटर यांना या यंत्रणेचे अमेरिकी पेटंट मिळाले. नावासाठी कंट्रोलमॅटिक, टचोमॅटिक, प्रेसोमॅटिक असे पर्याय पुढे आले होते. अखेर 'स्पीडोस्टॅट' हे नाव ठरले. इ.स. १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या महागड्या मोटारींत ही यंत्रणा ऐच्छिक सोय म्हणून देऊ केली. तिला क्रायस्लरने 'ऑटो-पायलट' म्हटले. नंतर कॅडिलॅक मोटारींसाठी 'क्रूझ कंट्रोल' हे नाव वापरले गेले आणि तेच जगभर रूढ झाले.

'ऑटो-पायलट' या नावात एक धोका दडलेला होता. यंत्र वेग राखत होते, पण त्याला रस्ता दिसत नव्हता. समोर वळण आले, गुरे आली किंवा पुढची गाडी थांबली, तरी ठरवून दिलेला वेग ते निष्ठेने राखतच राहणार होते. पाहण्याची आणि थांबवण्याची जबाबदारी संपूर्णपणे चालकाचीच होती. या यंत्रणेविषयीचा सर्वात मोठा गैरसमज तेव्हापासून हाच आहे.

इ.स. १९७३ च्या तेलसंकटानंतर क्रूझ कंट्रोलला अधिक मागणी आली. अमेरिकेत इ.स. १९७४ पासून ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, देशव्यापी वेगमर्यादा लागू झाली. वेग वारंवार कमीजास्त केल्याने इंधन अधिक जळते. त्यामुळे मर्यादेत आणि स्थिर वेगाने चालणे चालकांच्या खिशालाही परवडणारे ठरले.

इतर कार्य आणि सन्मान

टीटर यांच्या नावावर इतरही अनेक शोध आहेत. मोटारीचे गिअर सुलभतेने बदलण्याची यंत्रणा आणि मासेमारीच्या काठ्यांचे धारक यांचा त्यांत समावेश होतो. अभियांत्रिकीच्या तरुण अध्यापकांसाठी मोटार अभियंत्यांच्या संघटनेतर्फे त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

टीटर यांच्या पत्नीचे नाव नेली होते. त्यांची कन्या मार्जोरी टीटर मायर यांनी वडिलांचे चरित्र लिहिले असून ते इ.स. १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. टीटर यांच्या जीवनाविषयीच्या माहितीचा तो महत्त्वाचा आधार मानला जातो.

१५ फेब्रुवारी, इ.स. १९८२ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी टीटर यांचे निधन झाले. इ.स. १९८८ मध्ये अमेरिकेतील 'ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला.

यंत्रणेचा पुढील विकास

टीटर यांच्या यंत्रणेतील गोळे, स्प्रिंगा आणि दट्ट्ये यांची जागा पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने घेतली. आजच्या मोटारीत चाकांच्या वेगाची नोंद संगणक घेतो आणि इंजिनाला आवश्यक तेवढेच इंधन व हवा पुरवतो. गव्हर्नरचे तत्त्व मात्र तेच आहे : प्रत्यक्ष वेग आणि ठरवलेला वेग यांतील फरक मोजायचा आणि तो भरून काढायचा.

यंत्राला समोरचे पाहता यावे, असे प्रयत्न नंतर झाले. इ.स. १९९० च्या दशकात जपानी व जर्मन मोटारींत पुढील वाहनाचे अंतर लेसर किंवा रडारने मोजणाऱ्या यंत्रणा आल्या. मर्सिडीज-बेंझने इ.स. १९९९ मध्ये रडारवर चालणारी 'डिस्ट्रॉनिक' ही यंत्रणा बाजारात आणली. पुढचे वाहन मंदावले की अशी गाडी स्वतःही मंदावते. या प्रकाराला 'ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल' म्हणतात. भारतीय बाजारातील साध्या क्रूझ कंट्रोल असलेल्या गाड्यांत ही क्षमता नसते. दोहोंच्या नावातील साम्यामुळे गल्लत होण्याचा संभव असल्याने आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे चालकाने जाणून घेणे आवश्यक असते.

खानदेशातील रस्ते आणि क्रूझ कंट्रोल

टीटर यांनी ज्या लांब, सरळ रस्त्यांसाठी ही यंत्रणा कल्पिली, तसे रस्ते भारतात महामार्गांच्या चौपदरीकरणानंतर आले. केंद्र शासनाच्या इ.स. २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल वेग ताशी १०० किलोमीटर ठरवण्यात आला. प्रत्यक्ष रस्त्यावर लावलेल्या फलकावरील मर्यादा याहून कमी असू शकते आणि तीच पाळावी लागते.

धुळे हे महामार्गांचे जुने चौफुले आहे. मुंबई-आग्रा मार्ग आणि सुरत-नागपूर मार्ग येथे एकमेकांना छेदतात. सुरतेकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ (जुना क्र. ६) धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ या गावांवरून विदर्भात जातो. तापीच्या खोऱ्यातील हा प्रदेश बराचसा सपाट असल्याने मोकळ्या टप्प्यात क्रूझ कंट्रोलचा उपयोग होतो. उजव्या पायाला विश्रांती मिळते, वेगमर्यादा नकळत ओलांडली जात नाही आणि इंधनाचा खर्च आटोक्यात राहतो. टीटर यांच्या वकील स्नेह्याप्रमाणे बोलण्याच्या नादात गाडी मागेपुढे होण्याचा त्रासही सहप्रवाशांना होत नाही.

याच रस्त्यावर यंत्रणेच्या मर्यादाही लवकर कळतात. दिवाळीनंतर कापसाने दोन्ही बाजूंना फुगलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉली महामार्गावर येतात; अंधारात अनेकदा त्यांना मागचा दिवा नसतो. रावेर-यावल भागातून केळी भरून निघालेले ट्रक, दुभाजकाच्या फटीतून अचानक आडवी येणारी दुचाकी, उलट दिशेने येणारी वाहने आणि संध्याकाळी घराकडे परतणारी गुरे यांमुळे चालकाला वारंवार ब्रेक लावावा लागतो. ब्रेक लागताच क्रूझ कंट्रोल सुटते. हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत क्लच दाबल्यानेही तसेच होते. नंतर पूर्वीचा वेग परत मिळवण्याचे बटण दाबले, की गाडी आधी ठरवलेल्या वेगाकडे धाव घेते. मधल्या वेळात गाव लागले असेल आणि चालक तो वेग विसरला असेल, तर ही धाव धोक्याची ठरते.

धुळ्याजवळचा लळिंगचा घाट किंवा चाळीसगावच्या पुढील कन्नडचा घाट अशा ठिकाणी यंत्रणा बंद ठेवणे इष्ट असते. उतारावर साधे क्रूझ कंट्रोल गाडीला पुरेसे आवरू शकत नाही आणि वळणांवर वेग क्षणोक्षणी बदलावा लागतो. पावसात रस्त्यावर पाण्याचा थर साचला असता चाके घसरण्याचा धोका असल्याने तेव्हाही ती वापरू नये, अशी सूचना दिली जाते. लांब, एकसुरी रस्त्यावर पायाला काम नसल्याने डोळ्यांवर झापड येऊ शकते. म्हणून पाय ब्रेकच्या जवळ आणि लक्ष रस्त्यावर ठेवावे लागते. टीटर यांच्या पहिल्या रचनेत चालकाचा पाय सतत पेडलवरच राहत असे.